अग्रांमधले अंतर बदलूनही विद्युत अपघटनाचा वेग बदलत नाही? दोष शोधायचा तो असा

विद्युत अपघटन म्हणजे द्रावणातून वीज पाठवून त्यातला पदार्थ वेगळा करणे. त्याबद्दलची ही तक्रार नेहमीची आहे. दोन अग्रे (द्रावणात बुडवलेले इलेक्ट्रोड) जवळ आणली की द्रावणाचा रोध कमी होतो, विद्युतधारा वाढते आणि बुडबुडे जोरात येतात, असे पुस्तक सांगते. बीकरमध्ये मात्र भलतेच दिसते. कधी अंतर २ सेमीचे ८ सेमी केले तरी धारा जेमतेम हलते. कधी पहिल्या फेरीत फरक दिसतो, पण पुन्हा त्याच अंतरावर आल्यावर आकडा वेगळाच येतो. कधी अगदी जवळ आणल्यावर वायू उलट कमी जमतो. आणि सगळे जमले तरी आलेख अपेक्षित रेषेवर बसत नाही. या प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. म्हणून दिसेल त्या तक्रारीवर "मीठ वाढवा" हा उपाय करू नये. त्याने अंतराचा परिणाम आणखी झाकला जातो.

अंतर नेमके काय बदलते

विद्युत अपघटनाचा वेग विद्युतधारेने ठरतो. फॅराडे यांनी १८३३-३४ साली मांडलेले नियम इथे अजून तसेच लागू आहेत: अग्रापाशी किती पदार्थ तयार होणार, हे तिथून किती विद्युतप्रभार गेला त्यावर अवलंबून असते. १ अँपिअर धारा १ मिनिट वाहिली, तर २५ अंश सेल्सिअसला आणि सामान्य वातावरणदाबाला सुमारे ७.६ मिली हायड्रोजन आणि ३.८ मिली ऑक्सिजन मिळायला हवा. तांब्याच्या बाबतीत १ अँपिअर धारा १ तास वाहिली की ऋणाग्रावर (पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडलेल्या अग्रावर; दुसरे ते धनाग्र) १.१९ ग्रॅम तांबे बसते. या हिशोबात अंतर कुठेच नाही. अंतराचा परिणाम होतो तो धारेमार्फतच, तोही धारा बदलायला मोकळी असेल तरच.

पुरवठ्याने दिलेले व्होल्टेज तीन ठिकाणी खर्च होते. एक भाग प्रत्यक्ष अभिक्रियेसाठी जातो. पाण्यासाठी तो सिद्धांताने १.२३ व्होल्ट आहे, पण ग्राफाइटच्या अग्रांवर वायू सुटायला लागणारे जादा व्होल्टेज धरले की व्यवहारात २ ते २.५ व्होल्ट किंवा त्याहून थोडे जास्त लागते. दुसरा भाग तारा, चिमटे, मीटर आणि पुरवठ्याचा अंतर्गत रोध खातात. तिसरा भाग द्रावणात जातो, आणि अंतराचा संबंध फक्त या तिसऱ्या भागाशी आहे:

द्रावणाचा रोध = अंतर ÷ (वाहकता × समोरासमोरचे क्षेत्रफळ)

एक उदाहरण आकड्यांत पाहू, कारण पुढचे सगळे निदान याच आकड्यांवर उभे आहे. २० सेमी लांब, ५ सेमी रुंद प्लास्टिकची चौकोनी कुंडी घ्या. तिच्यात ४ सेमी उंचीपर्यंत द्रावण भरा, म्हणजे ४०० मिली. त्यात निर्जल सोडियम सल्फेट ८ ग्रॅम (स्फटिकरूप असेल तर १८ ग्रॅम) घातले की सुमारे २ टक्के द्रावण होते आणि त्याची वाहकता दर सेमीला ०.०२ सीमेन्सच्या (वाहकतेचे एकक, ओहमच्या उलट) आसपास असते. ग्राफाइटच्या पट्ट्या कुंडीच्या पूर्ण रुंदीच्या घेतल्या तर बुडालेले क्षेत्रफळ २० चौरस सेमी. सूत्राप्रमाणे दर सेमी अंतराला २.५ ओहम रोध येतो.

पुरवठा ६ व्होल्ट, अभिक्रियेला २.५ व्होल्ट आणि तारांचा वगैरे रोध अर्धा ओहम धरला, तर २ सेमीला सुमारे ०.६४ अँपिअर, ४ सेमीला ०.३३, ८ सेमीला ०.१७ आणि १६ सेमीला ०.०९ अँपिअर धारा यायला हवी. अंतर दुप्पट केले की धारा जवळजवळ निम्मी होते. असे दिसत नसेल तर वाटेत दुसरे काहीतरी धारेला अडवते आहे किंवा धरून ठेवते आहे.

अंतर बदलले तरी धारा हलत नाही

सर्वात आधी वीजपुरवठा पाहा. प्रयोगशाळेतल्या पुरवठ्यावर धारेची मर्यादा ठरवायचे बटण असते, आणि ती मर्यादा गाठली की पुरवठा आपोआप स्थिर-धारा पद्धतीत जातो; बहुतेक पुरवठ्यांवर त्याचा वेगळा दिवाही लागतो. अशा वेळी अग्रे जवळ आणली की धारा तीच राहते आणि व्होल्टेज खाली येते. यात बिघाड काहीच नाही. वेग स्थिर राहिला, कारण धारा स्थिर होती. वाचली ती ऊर्जा. अंतर बदलताना धारेबरोबर व्होल्टेजही लिहून ठेवले असते, तर हे पहिल्या मिनिटाला कळले असते. धारेची मर्यादा अपेक्षित कमाल धारेच्या दीडपट ठेवा आणि पुन्हा वाचन घ्या.

पुरवठा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल तर ती बाजूला ठेवा. तिचा अंतर्गत रोध नवी असतानाच काही ओहम असतो आणि वापरताना वाढत जातो. जवळच्या अंतरावर जास्त धारा मागितली की तिचे व्होल्टेज बसते, आणि नेमका जो फरक पाहायचा तोच पुसला जातो. मोबाइल चार्जरचा ५ व्होल्टचा पुरवठा याहून कितीतरी भरवशाचा आहे. त्यावर लिहिलेल्या धारेच्या आत राहिलात की पुरे.

पुरवठा ठीक असेल, तर संशय जोडांवर घ्यावा. ग्राफाइटच्या कांडीला मगरचिमटा लावला की दातांच्या दोन-चार टोकांनीच स्पर्श होतो. वरून द्रावणाचा ओलावा चढतो, धनाग्राकडचा चिमटा गंजतो, त्यावर हिरवट पूड दिसू लागते. असा जोड १५ ओहमपर्यंत गेला तर वरच्याच कुंडीत २ सेमीला ०.१७५ आणि ८ सेमीला ०.१० अँपिअर धारा येईल. अंतर चौपट झाले, धारा मात्र फक्त पावणेदोन पटीने बदलली. "अंतराचा फारसा परिणाम होत नाही" असा निष्कर्ष कित्येक प्रकल्पवह्यांत याच कारणाने उतरतो.

तपासणी सोपी आहे. धारा चालू असताना मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक चिमट्याच्या तारेला आणि दुसरे द्रावणाच्या वर, अग्राच्या उघड्या भागाला टेकवा. ०.३ अँपिअर धारेला ०.०५ व्होल्ट दिसले तर जोडाचा रोध सुमारे ०.१७ ओहम, म्हणजे चांगला. १ व्होल्ट दिसला तर ३ ओहमपेक्षा जास्त. जोड उघडा, पॉलिश पेपरने घासा, तांब्याची उघडी तार अग्राभोवती पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा आणि चिमटा त्या वेढ्यांवर लावा. जोड द्रावणापासून निदान २ सेमी वर असू द्या. द्रावणाला निळसर छटा आली, तर समजा की चिमट्याचे किंवा तारेचे तांबे विरघळते आहे. ते द्रावण टाकून नवे घ्या.

मीटरही रोध घालतो, हे सहसा लक्षात येत नाही. मल्टिमीटरच्या मिलिअँपिअर श्रेणीत आतला रोध १ ओहम किंवा त्याहून बराच जास्त असू शकतो. १० अँपिअरच्या श्रेणीत तो नगण्य असतो. अर्धी वाचने एका श्रेणीत आणि अर्धी दुसरीत घेतली तर मधेच परिपथ बदलतो आणि आलेखात पायरी दिसते. सगळी वाचने एकाच श्रेणीत, शक्यतो १० अँपिअरच्या, घ्यावीत.

आता द्रावणाकडे. ते फार तीव्र असेल तर अंतराचा रोध इतका छोटा होतो की तो इतर रोधांत हरवतो. २० टक्के सोडियम सल्फेटची वाहकता दर सेमीला सुमारे ०.११ सीमेन्स, म्हणजे आपल्या कुंडीत दर सेमीला अर्धा ओहमसुद्धा नाही. अंतराचा परिणाम पाहायचा असेल तर १ ते २ टक्के द्रावण योग्य. याच्या उलट टोकाला, काहीही न घालता साधे पाणी घेतले तर अंतराचा परिणाम प्रमाणात स्पष्ट दिसतो, पण धारा काही मिलिअँपिअर ते दहा-वीस मिलिअँपिअर इतकीच येते आणि वायू मोजण्याजोगा जमत नाही.

आणि व्होल्टेज अभिक्रियेच्या गरजेच्या काठावर, म्हणजे दोन-सव्वादोन व्होल्ट ठेवले असेल, तर कुठल्याच अंतराला फरक दिसणार नाही. द्रावणासाठी काही उरलेच नाही! निदान ५ व्होल्ट घ्या.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात वेगळीच अडचण

तांब्याच्या मुलाम्याच्या प्रयोगात धारा एका मर्यादेच्या वर जातच नाही, आणि तिथे अंतर बिनमहत्त्वाचे ठरते. ऋणाग्राला चिकटून असलेल्या द्रावणाच्या पातळ थरातले तांब्याचे आयन (विद्युतभारित कण) संपतात आणि नवे आयन विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, जितक्या वेगाने येतील तितकीच तांबे बसवणारी धारा वाहू शकते. न ढवळलेल्या द्रावणात हा थर ०.२ मिमीच्या आसपास धरला, तर लिटरला १२.५ ग्रॅम मोरचूद असलेल्या द्रावणात मर्यादा दर चौरस सेमीला साधारण ३ ते ४ मिलिअँपिअर येते. लिटरला १२५ ग्रॅम घेतले तर ती सुमारे दहापट होते.

ओळखायची खूण डोळ्यांना दिसते: मर्यादेच्या आत गुलाबी-तांबूस, घट्ट बसलेला थर, मर्यादेबाहेर काळपट, भुसभुशीत, बोटाने निघणारी पूड, आणि सोबत हायड्रोजनचे बुडबुडे. ढवळल्याबरोबर धारा वाढली तर निदान पक्के, कारण ढवळण्याने अंतर किंवा द्रावणाचा मूळ रोध बदलत नाही, फक्त तो थर पातळ होतो. उपाय दोन: द्रावण तीव्र करा किंवा व्होल्टेज उतरवा. दोन्ही अग्रे तांब्याची असतील तर धनाग्रावर विरघळणे आणि ऋणाग्रावर बसणे ही एकच अभिक्रिया उलटसुलट चालते, त्यामुळे १ व्होल्टच्या आतही काम होते आणि अंतराचा परिणाम फार स्वच्छ दिसतो. आमच्या मते अंतराचा अभ्यास करायला पाण्यापेक्षा ही जोडी कधीही सरस.

तेच अंतर, पण दर वेळी वेगळा आकडा

इथे वेळ हा गुन्हेगार असतो. धारा सुरू करताच पहिली काही सेकंदे ती जास्त असते, मग अग्रांवर बुडबुडे चिकटतात, पृष्ठभाग झाकला जातो आणि ती उतरते. त्यानंतर द्रावण तापू लागले की हळूहळू चढते. तापमान १ अंशाने वाढले की द्रावणाची वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. ६ व्होल्टला ०.३ अँपिअर वाहत असेल तर ४०० मिली द्रावण दहा मिनिटांत अर्धा-पाऊण अंशच तापेल, दुर्लक्ष केले तरी चालेल. १२ व्होल्टला दीड अँपिअर वाहत असेल तर तेवढ्याच वेळात पाच-सहा अंश चढतील, म्हणजे वाहकतेत १० टक्क्यांहून जास्त फरक. त्याचे श्रेय चुकून अंतराला दिले जाते.

म्हणून वाचनांचा क्रम महत्त्वाचा. २, ४, ८, १६ अशी चढती वाचने घेऊन थांबू नका. त्याच वाटेने परत या, १६, ८, ४, २. जाताना आणि येतानाचे आकडे ५ टक्क्यांच्या आत जुळले तर सरासरी घ्या. जुळले नाहीत तर अंतराखेरीज काहीतरी सरकते आहे. प्रत्येक वेळी अंतर बदलल्यावर अग्रांना हलकी टिचकी मारून बुडबुडे झाडा, धारा सुरू करा आणि ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ बरोबर ६० व्या सेकंदाला, आकडा लिहा. सोबत तापमानही.

कांड्या तिरक्या होणे हे आणखी एक कारण, फार क्षुल्लक वाटणारे. वर पट्टीवर अंतर २ सेमी, खाली बीकरच्या तळाशी ३ सेमी. अंतर दोन्ही टोकांना मोजा, आणि ते समोरासमोरच्या पृष्ठभागांमधले मोजा, तारांच्या मध्यापासून नाही. अग्रे किती बुडाली तेही बदलू देऊ नका: ४ सेमीऐवजी ५ सेमी बुडाली तर क्षेत्रफळ एक चतुर्थांशाने वाढते, आणि अंतर बदलताना हात लागून हे सहज होते. पाण्याच्या पातळीवर अग्राला नेलपॉलिशची किंवा इन्सुलेशन टेपची पट्टी मारून ठेवली की बुडालेले क्षेत्रफळ बांधले जाते.

ग्राफाइटचे धनाग्र झिजते, द्रावणात काळी पूड उतरते. तासाभराच्या जोरदार वापरानंतर पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो आणि आधीच्या वाचनांशी तुलना चालत नाही.

जवळ आणले तर वायू उलट कमी मिळतो

आधी विचारायचा प्रश्न: धारा कमी झाली, की धारा वाढूनही वायू कमी जमला? दोन्ही वेगळे आजार आहेत.

धारा कमी झाली असेल तर बुडबुड्यांनी फट भरली आहे. वायू वीज वाहत नाही. फटीतल्या द्रावणात ३० टक्के जागा बुडबुड्यांनी घेतली तर उरलेली वाहकता मूळच्या सुमारे ५९ टक्के, म्हणजे रोध १.७ पट. अंतर निम्मे करून मिळवलेले बरेचसे असे हातचे जाते. उभ्या पट्ट्या, न ढवळलेले द्रावण आणि मोठी धारा असेल तर ५ मिमीच्या खाली जाऊ नका. पट्ट्या उंच असतील तर याहूनही जास्त ठेवा, कारण खालचे बुडबुडे वर येता येता गर्दी वाढवतात. जाळीदार अग्रे घेतली तर वायू मागच्या बाजूने निघून जातो. औद्योगिक अल्कधर्मी विद्युत अपघटनींत अग्रे दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या मधल्या पडद्याला थेट चिकटवून ठेवता येतात ती याच युक्तीमुळे. सपाट पत्र्याने तसे करायला गेले तर फसते.

धारा वाढली पण वायू फॅराडेच्या हिशोबापेक्षा कमी, असे असेल तर तयार झालेले पदार्थ समोरच्या अग्रापर्यंत पोहोचून पुन्हा खर्च होत आहेत. विरघळलेला ऑक्सिजन ऋणाग्रावर जातो, हायड्रोजन धनाग्रावर. मिठाच्या पाण्यात धनाग्रावरचा क्लोरीन आणि ऋणाग्रापाशी तयार होणारा सोडियम हायड्रॉक्साइड जवळ आले की हायपोक्लोराइट बनते आणि वायूचा हिशोब कोलमडतो. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांमध्येही हीच ओढाताण आहे: तिथे धनाग्र आणि वितळलेला धातू यांच्यात साधारण ४ ते ५ सेमी अंतर ठेवतात. कमी केले तर व्होल्टेज वाचते, पण धातूचा हलता पृष्ठभाग आणि वर आलेला वायू भिडून तयार ॲल्युमिनियम पुन्हा ऑक्सिडीकृत होते.

ऑक्सिजन सुरुवातीला नेहमीच कमी भरतो, कारण तो हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो आणि ग्राफाइटचे थोडे ऑक्सिडीकरणही करतो. मोजण्याआधी दहा मिनिटे धारा चालू ठेवा आणि हिशोब हायड्रोजनवरच करा.

तांब्याच्या प्रयोगात जवळ आणल्यावर धारा एकदम उसळली आणि व्होल्टेज कोसळले, तर ऋणाग्रावरून फुटलेले तांब्याचे काटे धनाग्राला टेकले आहेत. लगेच बंद करा.

आलेख बसत नाही

धारा आणि अंतर यांचा आलेख सरळ येणार नाही. धारा आणि १ भागिले अंतर यांचाही मूळ बिंदूतून जाणारा येणार नाही, कारण स्थिर रोध मधे आहे. योग्य रीत अशी:

१. एका अंतरावर व्होल्टेज ४, ५, ६, ७ असे बदला आणि प्रत्येकी धारा लिहा.
२. व्होल्टेज उभ्या अक्षावर आणि धारा आडव्या अक्षावर घेऊन येणाऱ्या रेषेचा चढ काढा. तो त्या अंतरावरचा एकूण रोध. अभिक्रियेचे २-२.५ व्होल्ट यात आपोआप वेगळे पडतात.
३. हेच चार-पाच अंतरांवर करा.
४. रोध आणि अंतर यांचा आलेख काढा.

हा आलेख सरळ येतो. वरच्या कुंडीत त्याचा चढ दर सेमीला २.५ ओहमच्या जवळ यावा, आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो तारा-जोडांचा स्थिर रोध, त्यात अग्रांवरचा धारेबरोबर वाढणारा थोडा भागही मिसळलेला. छेद ३-४ ओहमपेक्षा जास्त आला तर जोड पुन्हा तपासा.

तरीही रेषा वाकत असेल तर अग्रांचा आकार पाहा. सरळ प्रमाणाचे सूत्र पूर्ण रुंदी-उंची व्यापणाऱ्या पट्ट्यांसाठी आहे. मोठ्या भांड्यात दोन बारीक कांड्या उभ्या केल्या की धारा बाजूंनी वळसा घेऊन जाते आणि रोध अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. ६ मिमी व्यासाच्या कांड्यांमधले केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर ४ सेमीवरून ८ सेमी केले तर रोध दुप्पट होत नाही, सुमारे २७ टक्केच वाढतो. इथे प्रयोग चुकलेला नसतो. भूमिती वेगळी असते. गोल बीकर आणि पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे घेऊन "अंतर दुप्पट, धारा निम्मी" शोधत बसू नका, ती मिळणार नाही. अरुंद, लांब कुंडी घ्या.

हे करू नका

मिठाच्या पाण्यात धनाग्रावर क्लोरीन सुटतो. सोडियम सल्फेट असताना मीठ वापरायचे कारण नाही. स्टेनलेस स्टीलचे धनाग्र मिठाच्या पाण्यात मुळीच नको: त्यातले क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरू शकते. उघड्या कुंडीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळूनच वर येतात, म्हणून खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही, आणि मिश्र वायू एकाच नळीत साठवायचा नाही. वायू वेगळे जमवायचे असतील तर दोन उलट्या नळ्या आणि निदान ४ सेमी अंतर ठेवा. घरच्या विजेच्या सॉकेटशी थेट जोडणी कधीही नाही. अंतर बदलताना हात द्रावणात घालण्याआधी पुरवठा बंद. मोरचुदाचे द्रावण गटारात किंवा झाडांना ओतू नये. बरणीत झाकून ठेवले तर पुढच्या प्रयोगाला तेच चालते.